गाडी सोडून सगळं विकणारी माणसं

नवी मुंबईतल्या मोटारींच्या शोरूममध्ये शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. टेस्ट ड्राइव्हला नंबर लागतात, लहान मुलं डिस्प्लेच्या गाडीत शिरून हॉर्न वाजवतात, कॉफीचं मशीन मेटाकुटीला येतं. आणि जिथून गाड्यांची डिलिव्हरी होते ती जागा? तिथे शुकशुकाट. शनिवारी लोखंड घरी आणू नये, हे नेरूळपासून कामोठ्यापर्यंत सगळ्यांना पाठ. त्यामुळे शनिवारी गाडी बघायची, दारं उघडून-मिटून बघायची, भाव पाडून घ्यायचा आणि ‘उद्या नेतो’ म्हणत निघायचं. ज्या दिवशी गिऱ्हाइकांची झुंबड, त्याच दिवशी माल हलत नाही. असा दुसरा धंदा शोधून सापडायचा नाही.

सगळं जग शनिवार-रविवार मोकळं असतं, म्हणून सेल्समन कामावर. त्याची हक्काची सुट्टी आठवड्याच्या मधल्या कुठल्या तरी वारी, आणि महिनाअखेर आली की तीही बारगळते.

पंचांग पाठ, मॅन्युअल नंतर

नोकरीला लागलेल्या मुलाला कंपनी इंजिन, एअरबॅग, टॉर्क वगैरे शिकवते. पण सहा महिन्यांत तो खरा तरबेज होतो तो राहूकाळ, अमावस्या आणि चौघडिया यांत. साडेतीन मुहूर्त (पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा) त्याच्या वर्षाचे चार खांब. त्यातला दसरा सरकारी सुट्टीचा. म्हणजे सगळे कागद आधीच उरकलेले हवेत: कर्जाचा डीओ (डिलिव्हरी ऑर्डर), विमा, कर, नंबर. पूर्वी नवी गाडी पासिंगला आरटीओत न्यावी लागायची. २०२१ पासून शोरूममधून थेट विकल्या जाणाऱ्या तयार गाडीला ही फेरी माफ झाली. डीलरच ऑनलाइन नोंदणी करतो आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी ठोकल्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही. सोय झाली खरी, पण आता ‘आरटीओत अडकलंय’ हे हमखास चालणारं कारणही गेलं.

मुहूर्त कोणाचा ९ वाजून १२ मिनिटांचा, कोणाचा ९ वाजून २० मिनिटांचा. डिलिव्हरीची जागा एक. पहिल्या कुटुंबाचे फोटो लांबले की दुसऱ्या कुटुंबातली आजी घड्याळाकडे आणि मग सेल्समनकडे बघते. त्या नजरेचं ट्रेनिंग कुठलीच कंपनी देत नाही.

मग स्वस्तिक, नारळ, हार, केक, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली आणि चाकाखाली लिंबू. हे लिंबू प्रकरण हलकं घेऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या निर्माण विहारमध्ये एका शोरूमच्या पहिल्या मजल्यावर महिंद्राची नवी थार लिंबावरून पुढे घ्यायची होती. ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला आणि गाडी काच फोडून थेट खाली रस्त्यावर उलटी पडली. शोरूमचा माणूसही गाडीत होता. सुदैवाने जिवावर बेतलं नाही. तेव्हापासून कुठल्याही शोरूममध्ये लिंबू आलं की ‘सर, जरा हळू’ हे शब्द किंचित वरच्या पट्टीत ऐकू येत असतील, तर नवल नाही.

पितृपक्ष नेहमी पंधरा दिवसांचाच असतो असं नाही

पितृपक्षात गाडी कोणी घेत नाही. हे पंधरा दिवस धंद्यात धरलेलेच नसतात. पण २०२५ मध्ये पितृपक्ष जवळजवळ सव्वा महिना चालला. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवसापासून शोरूममध्ये येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारू लागला: ‘कमी झाल्यावर कितीला पडेल?’ उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. २७ ऑगस्टला गणपती आले. एरवी गणपतीत गाडी घेणारे बरेच; या वेळी बाप्पाला जुन्याच गाडीतून आणलं गेलं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला, तो लागू होणार २२ सप्टेंबरपासून. मधल्या काळात खराखुरा पितृपक्ष येऊन बसला.

चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांचा कर उपकरासह २९-३१ टक्क्यांच्या घरात होता, तो १८ वर आला. मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के, पण वरचा उपकर गेला, त्यामुळे त्याही स्वस्तच. आणि २२ सप्टेंबर हा दिवस घटस्थापनेचा. सव्वा महिना माशा मारणाऱ्या पोरांना एका सकाळी जेवायला वेळ मिळेना. एकट्या मारुती सुझुकीने त्या दिवशी देशभरात ३० हजारांच्या घरात गाड्या दिल्या. रोजच्या फॉलोअपला ‘बघू, कळवतो’ म्हणणारे सगळे एकाच दिवशी कळवायला आले, म्हणा ना.

चपलांवर जाऊ नये

नवी मुंबईतली शोरूम वसली ती शहर वसवणाऱ्या सिडकोच्या आराखड्यापेक्षा हमरस्त्याच्या हिशेबाने. सायन-पनवेल महामार्गाकडेने तुर्भे, सानपाडा, नेरूळ; इकडे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत, केमिकलच्या जुन्या कारखान्यांच्या शेजारी. सिडको १९७० ची, पण शहरातली गाडीची हौस त्यापेक्षा खूप तरुण. शहर एक असलं तरी नंबर दोन: वाशी-नेरूळ-बेलापूरला एमएच ४३, खारघर-कळंबोली-पनवेलला एमएच ४६. खारघरचं गिऱ्हाईक ‘४३ च मिळेल का?’ असं विचारतं, तेव्हा सेल्समनला जिल्ह्यांचा भूगोल समजावून सांगावा लागतो.

इथल्या नवख्याला मिळणारा पहिला धडा म्हणजे चपला बघून गिऱ्हाईक ओळखायचं नाही. त्यामागे इतिहास आहे. सिडकोने ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. योग्य मोबदल्यासाठी प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर झालेल्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. पुढे विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना साडेबावीस टक्के. ज्या गावांनी ही किंमत मोजली, त्या गावांतला एखादा आगरी बांधव हाफ पँट आणि साध्या चपलांत येऊन सगळ्यात वरचं मॉडेल दाखवायला सांगतो. त्याच वेळी टाय लावून, लॅपटॉपची बॅग अडकवून आलेला ऐरोलीचा साहेब दोन तास बेस मॉडेलचं ईएमआय काढून घेतो आणि ‘बायकोशी बोलून सांगतो’ म्हणतो. दोघांना सारखंच पाणी विचारायचं, हा नियम.

हा नियम जिथे मोडला तिथली गोष्ट देशभर गाजली. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकुरूमध्ये एक शेतकरी मित्रांबरोबर महिंद्राची बोलेरो पिकअप बघायला गेला. सेल्समन त्याच्या कपड्यांकडे बघून बोलला, दहा लाख राहू दे, खिशात दहा रुपये तरी आहेत का! शेतकरी तासाभरात दहा लाख रोख घेऊन परत आला आणि आता गाडी लगेच द्या म्हणाला. गाडी लगेच मिळणं शक्य नव्हतं, प्रकरण पोलिसांत गेलं, कंपनीचे अध्यक्ष आनंद महिंद्रा यांना समाजमाध्यमावर माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल लिहावं लागलं, माफी मागितली गेली. या गोष्टीतली मजा कोणी फारशी सांगत नाही: १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घ्यायला प्राप्तिकर कायद्याने बंदी आहे. म्हणजे सेल्समन कितीही सभ्य निघाला असता, तरी ते दहा लाख त्याला मोजून घेता आले नसते!

मेहुणा एजंट असला की…

आता मूळ मुद्दा. सेल्समन गाडी विकतो असं आपण समजतो. पण गाडीची किंमत कंपनीने ठरवलेली, त्यावरचं डीलरचं मार्जिन थोडक्या टक्क्यांचं, आणि त्यातलाही बराचसा भाग घासाघिशीत गिऱ्हाइकाच्या पदरात जातो. उरतं ते गाडीच्या आजूबाजूला: विमा, कर्ज, वाढीव वॉरंटी, सीटकव्हर, मॅट, जुन्या गाडीची अदलाबदल. सेल्समनचं इन्सेंटिव्हही बहुतेक ठिकाणी याच गोष्टींवर ठरतं. नुसती गाडी विकली तर त्याच्या हाताला फार लागत नाही.

महिन्याची ३० तारीख. कोपरखैरण्याचं कुटुंब. वडलांचं मायलेज विचारून झालंय, मुलाचं सनरूफ उघडून-मिटून झालंय, आईने मागच्या सीटवर बसून बघितलंय आणि सासूबाईंना चढता येईल का यावर मत राखून ठेवलंय.

‘काका, आज टोकन टाकून जा. ही स्कीम आज रात्री बंद होतेय.’

‘मागच्या महिन्यात पण तू हेच म्हणाला होतास.’

‘ती वेगळी होती काका. ही वेगळी.’

‘बरं, मॅट फुकट दे.’

‘दिले मॅट. मडफ्लॅप पण दिले. फक्त इन्शुरन्स आपल्याकडून करू.’

‘इन्शुरन्स नको. माझा मेहुणा एजंट आहे.’

सेल्समनच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहतं, पण हातातलं पेन टेबलावर येतं. मेहुण्याशी स्पर्धा करता येत नाही. मग केबिनमधून टीम लीडर येतो, खुर्ची ओढतो, ‘काका, क्लेम आला तर कॅशलेस…’ अशी सुरुवात करतो. काकू मधेच विचारतात, ‘मॅट रबरचे आहेत ना?’

काकांच्या बाजूने नियम असा: विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. शोरूम सक्ती करू शकत नाही. पण शोरूमचा जीव विम्यात का अडकतो तेही समजून घ्यावं. विमा नियामकाने २०१७ मध्ये वाहन डीलरांसाठी स्वतंत्र नियम केले, तेव्हा नव्या चारचाकीच्या ‘ओन डॅमेज’ (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या) हप्त्यावर १९.५ टक्क्यांपर्यंत मोबदल्याची मुभा दिली. गाडीवरच्या मार्जिनशेजारी हा आकडा ठेवला की पेन टेबलावर का आलं ते कळतं. त्यात सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा सक्तीचा. त्यामुळे ऑन-रोडचा आकडा बघून गिऱ्हाइकाचा पारा चढतो तो सेल्समनवरच.

मॅट आणि सीटकव्हरच्या बाबतीत मात्र नवी मुंबईतल्या शोरूमचा वैरी शेजारीच बसलाय. वाशीला पामबीच रस्त्यालगत सत्रा प्लाझाच्या आसपास गाडीच्या सजावटीची दुकानं ओळीने आहेत. स्पीकर, लाइट, सीटकव्हर, फिल्म, जे म्हणाल ते. ‘गाडी तुमच्याकडून, बाकी सगळं सत्राला’ हे वाक्य शोरूममध्ये इतक्या वेळा ऐकू येतं की ते भिंतीवर लावायला हरकत नाही.

वीस हजारांचा फरक बेचाळीस हजारांना

ऑन-रोडच्या कागदावर एक गंमत लपलेली असते. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल मोटारीचा कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यावर १३. डिझेलला हेच १३, १४, १५. कंपनीच्या नावावर घ्याल तर २० टक्के. शिवाय १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने विकतानाच गोळा करायचा प्राप्तिकर), २०१६ पासून.

आता ९ लाख ९० हजारांचं पेट्रोल मॉडेल घ्या: कर १,०८,९००, टीसीएस शून्य. त्याच्याच वरचं १० लाख १० हजारांचं घ्या: कर १,२१,२००, टीसीएस १०,१००. गाडीत फरक वीस हजारांचा (मागचा कॅमेरा आणि थोडं क्रोम), खिशातून जाणार बेचाळीस हजार चारशे. टीसीएस प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे सांगणारा सेल्समन भेटला तर त्याच्याकडूनच गाडी घ्यावी. तो हिशेबाचा पक्का आहे, किंवा निदान खरं बोलतोय.

बसायचं कुठे?

भोवती लाखमोलाच्या गुबगुबीत सीटा, आणि सेल्समन दिवसभर उभा. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. ते प्रामुख्याने कापड आणि दागिन्यांच्या दुकानांतल्या बायकांच्या झगड्यामुळे घडलं. तिथल्या मोटारविक्यांच्या पायांचाही त्यात फायदा झाला.

इथल्या सेल्समनला बसायला मिळतं ते टेस्ट ड्राइव्हमध्ये, आणि तिथे बसणं उभं राहण्यापेक्षा अवघड. अनोळखी माणूस, त्याला अनोळखी गाडी, डाव्या सीटवर आपण, पायाशी ब्रेक नाही. ‘पिकअप बघू जरा’ म्हणत त्या माणसाने उड्डाणपुलाच्या चढावर पाय दाबला की सेल्समन हसत हसत गाडीच्या सुरक्षा मानांकनाविषयी बोलू लागतो. ते गिऱ्हाइकासाठी असतं की स्वतःसाठी, हे विचारायचं नाही. जाता जाता: रस्त्यावर लाल पाटी आणि पांढरी अक्षरं दिसली की समजावं, ही गाडी अजून कोणाच्या नावावर चढलेली नाही, डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटवर फिरतेय. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं म्हणजे तात्पुरता नंबर.

सख्खा वैरी

मारुतीवाल्याचं ह्युंदाईवाल्याशी भांडण नसतं. दुपारी चहाच्या टपरीवर दोघे एकत्र उभे असतात, एकमेकांच्या नोकऱ्यांची चौकशी करत असतात. खरं वैर त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरशी. त्याला म्हणतात को-डीलर. गाडी तीच, रंग तोच, कंपनीचा भाव तोच. गिऱ्हाईक तुर्भ्याला टेस्ट ड्राइव्ह घेतं, नेरूळला कोटेशन घेतं, ते व्हॉट्सॲपवर ठाण्याला पाठवतं आणि पनवेलला बुकिंग करतं, तेही चार हजारांच्या फरकासाठी. दोन महिने फॉलोअप केलेला मुलगा आठवडाभराने ‘सर, काही ठरलं का?’ असा मेसेज टाकतो, तर समोरच्याच्या डीपीवर हार घातलेली गाडी.

एक तारखेचा आकडा, ३१ तारखेचा घाम

महिन्याच्या एक तारखेला बातमी येते: अमुक कंपनीने गेल्या महिन्यात इतक्या लाख गाड्या विकल्या. त्यातल्या बहुतेक ‘विकल्या’ म्हणजे कारखान्यातून डीलरकडे पाठवल्या. गिऱ्हाइकाच्या दारात किती गेल्या हा आकडा वेगळा. तो ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदणीवरून डीलरांची देशव्यापी संघटना ‘फाडा’ (स्थापना १९६४) जाहीर करते. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत सेल्समन राहतो. कंपनीचा माल यार्डात येऊन पडला, बँकेचं व्याज सुरू झालं, आणि तो माल हलवायचा त्याने.

२०२४ च्या सणांआधी ही फट भलतीच रुंदावली होती. फाडाच्या हिशेबाने डीलरांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका साठा, म्हणजे ७.९ लाख गाड्या, किंमत ७९ हजार कोटी रुपये. संघटनेच्या मते साठा असावा २१ दिवसांचा. गिऱ्हाइकाला या आकड्याचा उपयोग एकच: यार्डात गाड्या मावत नसतील तर मॅटच काय, बरंच काही फुकट मिळू शकतं. डिसेंबरातही तसंच. १ जानेवारी उजाडली की त्याच गाडीला ‘गेल्या वर्षीची’ म्हणून नाक मुरडलं जातं, म्हणून २८ डिसेंबरचा सेल्समन ३ जानेवारीच्या सेल्समनपेक्षा जास्त प्रेमळ वाटतो.

१० पैकी ९ म्हणजे नापास

डिलिव्हरी झाल्यावर दोन दिवसांनी कंपनीचा फोन येतो: अनुभव कसा होता, १० पैकी गुण द्या. शाळेत ९० टक्के म्हणजे पेढे. इथे ९ गुण म्हणजे मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावणं, कारण बऱ्याच ठिकाणी हा गुणांक इन्सेंटिव्हला जोडलेला असतो. म्हणून गाडीची किल्ली देताना तो मुलगा हात जोडून सांगतो, ‘सर, फोन आला तर दहाच द्या, प्लीज. काही राहिलं असेल तर मला सांगा, कंपनीला नको.’ या पद्धतीने कंपनीला नेमकं काय कळतं, हा प्रश्न मला कायम पडलेला आहे. सगळ्यांना दहाच मिळतात, कारण सगळे दहाच मागतात.

भरीला ‘मिस्टरी शॉपर’. गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन आलेला कंपनीचाच माणूस. नमस्कार केला का, सगळ्या बाजूंनी गाडी दाखवली का, टेस्ट ड्राइव्ह स्वतःहून विचारली का, सगळं टिपतो. त्यामुळे फार शांत, फार मुद्देसूद प्रश्न विचारणारा आणि अजिबात घासाघीस न करणारा माणूस आला की अख्खं शोरूम सावध होतं. मराठी माणूस घासाघीस न करता गाडी घेईलच कशाला!

जेव्हा विकणारा भाव खायचा

या मुलांच्या आजोबांच्या काळी सेल्समनला कामच नव्हतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडू लागली, पण परवाना राजवटीत उत्पादनच मोजकं. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबर यायची वाट बघायची. नंबर आलेली गाडी नुसती पावतीवरच जास्त भावाने विकली जायची. रंग कोणता हवा हे विचारण्याची पद्धत नव्हती, जो आला तो आपला.

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली आणि चित्र हळूहळू पालटलं. तरी हौस अधूनमधून उसळतेच. १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटांच्या इंडिकाला आठवड्याभरात १ लाख १५ हजारांच्या आसपास बुकिंग, तीही पूर्ण पैसे भरून. २००९ मध्ये नॅनोला दोन लाखांवर, म्हणून चक्क सोडत काढावी लागली. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनला अर्ध्या तासात एक लाख. ३ ऑक्टोबर २०२४ ला थार रॉक्सला पहिल्या तासात १ लाख ७६ हजार २१८. असं मॉडेल आलं की सेल्समनला आनंद होतो असं वाटेल. उलट, विकायचं काहीच नाही, आणि ‘माझी गाडी कधी?’ या प्रश्नाला रोज नवं उत्तर शोधायचं.

आणि मंदी आली की सगळ्यात आधी कुऱ्हाड याच्यावर. २०१९ च्या घसरणीत अवघ्या तीन महिन्यांत डीलरांकडच्या सुमारे दोन लाख नोकऱ्या गेल्याचं फाडाने सांगितलं होतं. एप्रिल २०२० मध्ये मारुतीची देशातली विक्री शून्य. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा डीलरांकडच्या ४० हजार नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. फोर्डच्या निळ्या बोर्डाखालच्या मुलांनी शर्ट बदलले आणि शेजारच्या शोरूममध्ये कालपर्यंत ज्या गाडीची उणीदुणी काढली तीच गाडी विकायला घेतली.

आता टेस्ला. १५ जुलै २०२५ ला वांद्रे-कुर्ला संकुलात तिचं भारतातलं पहिलं दालन उघडलं. तिथे मधला डीलर नाही, को-डीलर नाही, घासाघीस नाही. भाव स्क्रीनवर. मॅट फुकट मागायचे कोणाकडे?

१३,००१

जगातला सर्वांत गाजलेला मोटारविक्या म्हणजे डेट्रॉइटजवळचा जो जिरार्ड. १९६३ ते १९७७ या काळात त्याने एकेक करून १३,००१ गाड्या विकल्या, एकट्या १९७३ मध्ये १,४२५. गिनेस बुकात नाव. त्याची युक्ती साधी होती: जुन्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला एक शुभेच्छापत्र. त्याचं म्हणणं होतं की प्रत्येक माणसाच्या लग्नाला आणि अंत्यविधीला साधारण अडीचशे माणसं येतात, म्हणजे एक गिऱ्हाईक दुखावलं की अडीचशे गेली. नवी मुंबईच्या लग्नात हा आकडा पहिल्या पंगतीतच संपेल. हळदीचे पाहुणे तर अजून मोजायचेत. त्याचं शुभेच्छापत्र आता व्हॉट्सॲपवर ‘शुभ सकाळ’ म्हणून येतं, गुलाबाच्या चित्रासह आणि खाली मोबाइल नंबर.

४१४१

शेवटची हौस नंबरची. ४१४१ जरा वळवून लिहिला की ‘दादा’ वाचता येतो, ८०५५ इंग्रजीत ‘बॉस’. कोणाला बेरीज नऊ हवी, कोणाला लेकीची जन्मतारीख. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने या आवडीच्या नंबरांचे दर वाढवले. चारचाकीला ०००१ हवा असेल तर ५ लाख, मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या ठिकाणी ६ लाख. चालू मालिकेबाहेरचा ०००१ तिथे १८ लाखांपर्यंत जातो. त्या पैशांत शोरूममधली आणखी एक बरी गाडी येते, सनरूफसकट. नंबर उपलब्ध आहे का बघणं, अर्ज भरून देणं, ‘दादा’ दुसऱ्याने पटकावला म्हणून शिव्या खाणं, ही धावपळ सगळी सेल्समनची. पैसे मात्र थेट सरकारी तिजोरीत जातात आणि त्यावर इन्सेंटिव्ह शून्य. म्हणूनच गिऱ्हाईक सहा लाखांच्या नंबरबद्दल बोलू लागलं की तो नम्रपणे विचारतो, ‘सर, एक्स्टेंडेड वॉरंटीचं काय करू?’